जावयाने माझी सिस्टिम बदलली

मी लॅपटॉप बोलतोय. चकचकीत, पातळ, नवा नव्हे, म्हातारा. डावं बिजागर खिळखिळं झालंय, दोन कळांवरची अक्षरं उडालीत आणि बॅटरी अशी की तार निघाली की प्राण गेला. लोम गावात नदीकडच्या ब्लॉकमध्ये, पहिल्या मजल्यावर, त्सोना म्हातारीच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी माझं बस्तान आहे. माझी जीवनकहाणी सांगायला बसलोय खरा, पण मनात सद्हेतू वगैरे काही नाही. मला एका माणसाची अब्रू घालवायची आहे. त्याचं नाव ल्युबेन. तो या घरचा जावई.

जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला, असं पोटावरची चिठ्ठी सांगते. मला त्यातलं काही आठवत नाही. पहिली आठवण आहे ती मिन्चोच्या बोटांची. मिन्चो म्हणजे त्सोनाचा नवरा, माझा मालक. आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवलेला माणूस. कळ दाबण्याआधी बोट अधांतरी धरायचा, अक्षर नीट पाहायचा, मग हलकेच दाबायचा. उगाच ठोकाठोकी नाही. असा मालक मिळाला म्हणून मी इतकी वर्षं टिकलो.

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या नावाचा कागद निघतो. वर क्रूस, मध्ये फोटो, खाली नाव आणि आठवणीच्या चार ओळी. तो घराच्या दारावर लावतात, बसथांब्यावर लावतात, पावाच्या दुकानाजवळच्या झाडावर लावतात. आणि एकदा लावून भागत नाही. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. अख्ख्या ब्लॉकचे हे कागद मिन्चोच करायचा, कोणाकडून काही न घेता. फार तर कोणी घरी गाळलेल्या राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, बाटली आणून द्यायचं, ती तो नाही म्हणत नसे.

त्याची एक पद्धत होती. कागदाचा नमुना एकच. त्यात फोटो चिकटवलेला नसायचा, नुसती रिकामी चौकट. त्याच फोल्डरमध्ये 'फोटो' या नावाने ज्याचं चित्र ठेवाल, तो आपोआप चौकटीत येऊन बसायचा. नवा माणूस गेला की आधीच्याचा फोटो काढायचा, नव्याचा त्या जागी ठेवायचा, खालचं नाव बदलायचं आणि छापायचं. छापखान्यातला माणूस, त्याला साचा मोडवत नसे. ही पद्धत लक्षात ठेवा. पुढे तिनेच माझं काम केलं.

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात मिन्चो राकिया गाळायच्या भट्टीवर गेला होता. तिथे कोणीतरी त्याच्याच फोनने त्याचा फोटो काढला. हातात पेला, टोपी मागे सरकलेली आणि तोंड उघडून, सगळे उरलेले दात दाखवत हसतोय. घरी आल्याआल्या त्याने तो फोटो माझ्यात घेतला आणि माझ्या पडद्यावर लावून टाकला. म्हणाला, "त्सोने, बघ, तुझा नवरा अजून देखणा आहे."

"दात मोज आधी," त्सोना म्हणाली.

आठवडाभरात तो गेला. बाजारातून येताना जिन्यातच बसला आणि उठला नाही.

त्सोनाने शवपेटीत त्याचा चष्मा ठेवला, सिगारेटचं पाकीट ठेवलं आणि फोनही ठेवला. आमच्याकडे ठेवतात असं, लागणाऱ्या वस्तू बरोबर द्याव्यात म्हणून. त्या फोनमध्ये तो फोटो होता हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. म्हणजे त्या हसऱ्या मिन्चोची जमिनीवर एकच प्रत उरली, आणि ती माझ्यात.

अंत्ययात्रेच्या कागदावर ओळखपत्रावरचा फोटो गेला. त्यात मिन्चो चोरीच्या आरोपाखाली पकडल्यासारखा दिसतो. चाळिसाव्या दिवशी त्सोना हसरा लावायला निघाली, तर वरच्या मजल्यावरची नेदा आडवी आली. "चाळीस दिवसांच्या आत असे दात काढलेले बरे दिसतात का गं? लोक काय म्हणतील?" तेव्हा पुन्हा तोच चोर गेला. पण त्सोनाने ठरवलं, सहा महिन्यांच्या कागदावर हसराच लावायचा. रोज सकाळी ती मला उघडायची. पडद्यावर मिन्चो यायचा. ती कॉफी प्यायची, त्याला दोन शिव्या द्यायची आणि मला मिटून ठेवायची. दुसरं काही काम नसायचं माझ्याकडे. तेवढ्यासाठी मी रोज धडपडत का होईना, उठत होतो.

आणि मग नवीन वर्षाच्या सुट्टीत जावईबापू अवतरले.

ल्युबेन वाईट माणूस नाही, असं त्याची बायको गालिना म्हणते. मी असं म्हणणार नाही. त्याला एक खोड आहे: पडद्यावर प्रश्न आला की तो वाचत नाही, 'हो' दाबतो. मला पाहताच म्हणाला, "आई, याची सिस्टिम कंपनीने वाऱ्यावर सोडलीय. चोर शिरतील आत."

"माझ्याकडून काय नेणार चोर? लोणच्याची कृती?" त्सोना म्हणाली.

"तुम्ही बसा हो. मी याला तरुण करून देतो."

त्सोनाने एवढंच सांगितलं, "त्यात मिन्चो आहे, सांभाळ." तो म्हणाला, "सगळं पेनड्राइव्हवर काढलंय, आई." सगळं म्हणजे काय, तर मृत्यूच्या कागदांचं फोल्डर. पडद्यावरचा मिन्चो कुठल्या कोपऱ्यात राहतो, हे बघायची तसदी त्याने घेतली नाही. 'सर्व काही पुसले जाईल, चालेल का?' असं मी त्याला विचारलं. एकदा नाही, दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने 'हो' दाबलं, आणि दुसऱ्या हाताने चीज भरलेल्या बनित्साचा तुकडा तोंडात घातला.

आधी त्याने कंपनीचीच नवी सिस्टिम माझ्यावर चढवली. म्हाताऱ्याच्या पाठीवर पियानो ठेवावा तशी. पंखा बोंबलायला लागला, मी तव्यासारखा तापलो, एक खिडकी उघडायला त्सोनाची भाजी चिरून व्हायची. मग याला उपरती झाली की म्हाताऱ्यांसाठी फुकटातली हलकी सिस्टिम असते. ती चढवली. ती बिचारी गुणी होती, पण माझं वायफायचं अंग तिला ओळखता येईना. ते ओळखायला एक तुकडा इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा होता. आणि इंटरनेट लागायला वायफाय हवं होतं. ल्युबेन कपाळाला हात लावून बसला. मला असा आनंद झाला म्हणून सांगू.

शेवटी फोनची तार लावून ते जमवलं, तर आवाज गेला. आवाज आणला, तर झाकण मिटल्यावर मी उठेना. अक्षरांच्या कळा जागा सोडून भलतीकडे गेल्या. मग कोणा मित्राने सांगितलं की ही नको, हिची दुसरी बहीण चांगली. त्याने तीही आणली. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तशी गत. सोफ्यावर बसून गालिना म्हणाली, "ल्युबेन, तू बायकोही अशीच बदलून बघितली असतीस ना?"

"तू अपडेट घेतेस कुठे," तो म्हणाला, आणि एकटाच हसला.

सहाव्या तारखेच्या सकाळी त्सोनाने कॉफी घेतली आणि मला उघडलं. पडद्यावर एक निळा डोंगर होता.

तिने चष्मा नाकावर ओढला. मग म्हणाली, "मिन्चो कुठे गेला?"

ल्युबेन म्हणाला, "आई, डोंगर छान नाही का? आणि बघा, आता किती पटकन उघडतो."

तेव्हा मी डूख धरला. खोटं कशाला बोलू? साप धरतो तसाच धरला. त्सोना रडली नाही, ओरडली नाही. तिने कॉफी सिंकमध्ये ओतली आणि मला मिटलं. त्यानंतर किती तरी दिवस तिने मला उघडलंच नाही. मी फ्रीजशेजारी अंधारात पडून एकच विचार करायचो, याचा वचपा कसा काढायचा.

एक गोष्ट ल्युबेनला माहीत नव्हती, मला होती. पुसलं म्हणजे जात नाही. दारावरची पाटी काढली म्हणून माणूस घराबाहेर पडत नाही. नवा भाडेकरू सामान घेऊन त्याच खोलीत शिरला, तरच जुन्याला जागा उरत नाही. मिन्चो माझ्या तळाशी अजून होता. वरून तीन-तीन सिस्टिमी फिरल्या, तरी मला तो जाणवत होता. पण त्यानंतर माझ्यात जे नवं येईल, ते नेमकं त्याच्यावर बसू शकत होतं. म्हणून मी ठरवलं, ल्युबेनच्या हाताला दाद द्यायची नाही. त्याने अपडेट लावला की मी अर्ध्यावर गोठायचो. त्याने गाणी भरायला घेतली की मी काळा पडायचो. तो मला थापट्या मारायचा, मारू दे थापट्या. पहारा देतोय म्हणून मी खुश होतो.

एकदाच मी त्याला अडवलं नाही. मार्चमध्ये त्याला कुठल्याशा नोकरीसाठी अर्ज करायचा होता. स्वतःचा टाय लावलेला फोटो त्याने माझ्यात घातला आणि समोर जे फोल्डर उघडं होतं, म्हणजे पेनड्राइव्हवरून परत घातलेलं मृत्यूच्या कागदांचं, त्यातच ठेवला. नाव काय दिलं? 'फोटो'. दुसरं सुचणार कुठून! मी विचारलं, 'या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का?' त्याने वाचलं नाही. 'हो' दाबलं.

मी मान खाली घालून हुकूम पाळला.

एप्रिलच्या शेवटी सहा महिने झाले. हसरा तर गेला, मग चोर तर चोर, असं म्हणून त्सोना कागद छापायला बसली. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, छपाईयंत्राची शाई संपत आलेली. कागदावर कोणीतरी पुरुष आहे एवढं तिला दिसलं, खाली नाव मिन्चोचं होतं. मला गोठायची उत्तम संधी होती. एरवी मी कपभर चहा उकळेपर्यंत तीनदा गोठतो. पण त्या दिवशी मी तरण्यासारखा चाललो. सगळे कागद सटासट बाहेर पडले. त्सोनाने स्वतः हिंडून ते लावले: ब्लॉकच्या दारावर, बसथांब्यावर, पावाच्या दुकानाच्या झाडावर, चर्चच्या फळीवर.

आमच्या म्हाताऱ्या रस्त्यावर चष्मा लावत नाहीत. खालची बारीक अक्षरं कोण वाचतो? फोटो बघायचा, छातीवर क्रूस करायचा आणि पुढच्या दारी बातमी द्यायची. दुपारपर्यंत लोमभर झालं की त्सोनाचा जावई गेला.

त्याच दुपारी नेदा आणि तळमजल्यावरची येवदोकिया आल्या. हातात फुलं, जोडीने. जिवंत माणसाला आम्ही एक, तीन, पाच देतो. जोडीने फक्त मेलेल्याला. त्सोनाला वाटलं, मिन्चोसाठी आल्या. तिने मेलेल्याच्या नावाने वाटतात ते साखर घातलेले उकडलेले गहू पुढे ठेवले. सहा महिन्यांच्या दिवसासाठी आदल्या दिवशीच आलेला ल्युबेन शेजारच्या खोलीत मला मांडीवर घेऊन माझ्या आवाजाशी झटत होता, दार उघडंच होतं.

"देव त्याला क्षमा करो," नेदा म्हणाली.

"करो," त्सोना म्हणाली.

मग कोणीच बोलेना. आमच्याकडे मेलेल्याबद्दल चांगलं बोलावं, नाहीतर गप्प बसावं, असा दंडक आहे. त्या दोघी गप्प बसल्या. गहू चघळत बसल्या. नेदा विचार करत होती. येवदोकिया छताकडे बघत होती.

शेवटी येवदोकिया म्हणाली, "गाडी मात्र स्वच्छ ठेवायचा."

"कसली गाडी?" त्सोना म्हणाली. "त्याच्याकडे सायकल होती."

"एकदा माझी पिशवी वर आणून दिली होती त्याने," नेदा म्हणाली.

"तो नव्हे गं, ते पोस्टातलं पोर होतं," येवदोकिया म्हणाली. "हा तर तू पिशव्या घेऊन जिन्यात उभी असलीस तरी बाजूने निघून जायचा."

"श्शू! मेलेल्याबद्दल असं बोलू नये."

"म्हणून तर एवढा वेळ गप्प होते."

 मग नेदा कळवळून म्हणाली, "जाऊ दे त्सोने, गालिना अजून तरुण आहे. मिळेल एखादा बरा."

माझ्यावरची बोटं थांबली. ल्युबेन उठला आणि मला बगलेत मारून तसाच दारात जाऊन उभा राहिला. येवदोकियाने किंकाळी फोडली आणि गव्हाची वाटी पाडली. नेदा मात्र खमकी. त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, "मेला नाहीस? मग ही फुलं आता कोणाला देऊ?"

काय हसलो मी! माझा आवाज बंद होता म्हणून ऐकू आलं नाही, पण पंखा सुटला तो थांबेना. ल्युबेन गावभर पळत कागद फाडत सुटला. एक फाडला की पुढच्या चौकात दुसरा. बसथांब्यावर एका म्हाताऱ्याने त्याला हटकलं, "अरे, मेलेल्याचा कागद फाडतोस? लाज नाही वाटत?" याने वळून तोंड दाखवलं, तर म्हातारा काठी टाकून पळाला. हे गालिनाने सांगितलं, आणि सांगताना ती टेबलावर डोकं ठेवून हसत होती.

पण त्सोना हसली नाही. तिला कळलं की सहा महिन्यांच्या दिवशी तिच्या मिन्चोसाठी कोणी आलंच नव्हतं. ती ल्युबेनला म्हणाली, "आधी माझ्या पडद्यावरून त्याला काढलास. आता कागदावरूनही काढलास."  त्यात माझाही हात होता, त्या दिवशी मी न गोठता चाललो होतो. त्याचं मला वाईट वाटलं. पण सूड घेतल्याचं वाईट वाटलं नाही, ते आजही वाटत नाही.

उन्हाळाभर ल्युबेन इकडे फिरकला नाही. सप्टेंबरात आला, तो मान पाडून. खिशातून एक पेनड्राइव्ह काढला. "आई, पुसलेलं परत काढणारा एक प्रोग्रॅम आहे म्हणतात. बघू का?"

मी तर त्याच्या हाताखाली कधीच उठायचं नाही अशी शपथ घेतलेली. त्याने बटण दाबलं, मी हललो नाही. पुन्हा दाबलं, नाही. तार काढून लावली, नाही. तो म्हणाला, "गेला वाटतं." त्याच्या तोंडचं ते ऐकून मला गार वाटलं. मग त्सोनाने त्याला बाजूला सारलं. माझ्या झाकणावरची धूळ पदराने पुसावी तशी एप्रनने पुसली आणि म्हणाली, "ऊठ रे. त्याच्यासाठी नको. माझ्यासाठी ऊठ."

काय करणार? उठलो.

दुपारभर मी तळ उपसत राहिलो. अंग भाजून निघालं. वर यायला लागले ते मिन्चोने पोचवलेले सगळे. पावाच्या दुकानाचा जुना मालक, तिसऱ्या मजल्यावरची मास्तरीण, नेदाचा नवरा, बोटीवरचा दिमितर. एकेक चेहरा पडद्यावर उमटायचा आणि त्सोना चष्मा नाकावर धरून प्रत्येकाला नावाने हाक मारायची.  आयुष्यात पहिल्यांदा ल्युबेन पडद्यावरचा प्रत्येक शब्द वाचत होता.

आणि मग मिन्चो आला. मागे सरकलेली टोपी आली, कपाळ आलं, डोळे आले, नाकाचा निम्मा भाग आला. त्याखाली करडा रंग. हसणारं तोंड, दात, पेला, सगळं गेलं होतं. तिथे नवा भाडेकरू घुसला होता. कुठला ते मला माहीत होतं: तो निळा डोंगर.

"डिस्क जुनी आहे ना, म्हणून," ल्युबेन पुटपुटला. अजूनही माझ्यावरच ढकलत होता, बघा!

त्सोनाने बोट लावून पडद्यावरचे डोळे चाचपले. "हसतोय," ती म्हणाली. "डोळ्यांवरून कळतंय."

"आई, मी खालचा करडा भाग कापून टाकतो. नुसते डोळे ठेवतो. नाहीतर ओळखपत्रावरचा लावू, तो पूर्ण आहे."

"कापायचं काही नाही. असाच छाप. तू जेवढा ठेवलास तेवढा."

ऑक्टोबरात वर्षाचे कागद निघाले. या वेळी नवी शाई होती आणि मी एकदाही गोठलो नाही. वर क्रूस, मध्ये टोपी, कपाळ, हसरे डोळे आणि खाली तळहाताएवढा करडा पट्टा. त्सोनाने ल्युबेनलाच गोंद घेऊन लावायला पाठवलं.

आता मी फार दिवस काढीन असं नाही. बिजागर पार निखळलंय. त्सोनाच्या हाताने सकाळी उघडतो, अर्धा मिन्चो दाखवतो, मिटतो. तुमच्या घरी कपाटावर माझ्यासारखा कोणी पडला असेल तर त्याच्यावर हवी ती सिस्टिम चढवा, माझं काही म्हणणं नाही. पण तो काही विचारतोय तर आधी वाचा, आणि त्याच्या पोटात कोण राहतं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. नाहीतर आम्ही विसरत नाही.

ब्लॉकचं दार आमच्या खिडकीखालीच आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. येणारा-जाणारा कागदापाशी थांबतो. कालही कोणीतरी थांबलं आणि वर हाक मारली, "त्सोने, हा मिन्चोच ना गं? मग बाकीचा कुठेय?"

त्सोना खिडकीतून ओणवी झाली. ल्युबेन आत टेबलाशी सूप पीत होता, त्याचा चमचा वाटीतच राहिला.

"जावयाला विचारा," ती मोठ्याने म्हणाली. "थांबा, खाली पाठवते त्याला."